मेकॅनिकल की रेग्युलेटेड? वेप डिव्हाइस निवडण्याआधी आतला सेल ओळखा

नागपुरात राहत असाल आणि वेप, म्हणजे ई-सिगारेटचं डिव्हाइस, इथंच घ्यायचं मनात असेल, तर मेकॅनिकल की रेग्युलेटेड हा प्रश्नच उरत नाही. दोन्ही बंद आहेत. सप्टेंबर 2019 मध्ये केंद्रानं वटहुकूम काढला, डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. तेव्हापासून देशात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात आणि साठवण या सगळ्यावर बंदी आहे. निकोटीन असो वा नसो, एखादा पदार्थ गरम करून त्याची वाफ ओढायचं कुठलंही इलेक्ट्रॉनिक यंत्र त्यात येतं. पहिल्या गुन्ह्याला 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. नुसती साठवण केली तरी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कुणी काउंटरखालून काढून देतो म्हणाला, तरी त्या मालाला ना बिल असतं ना गॅरंटी, आणि आतला सेल कुठून आला हे देवालाच ठाऊक.

मग हा लेख कुणासाठी? इथून शिकायला किंवा नोकरीला ब्रिटन, युरोप, दुबईकडे गेलेल्या, तिथं सिगारेट ओढणाऱ्या आणि आता वेपकडे वळू पाहणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. मी ई-रिक्षा आणि स्कूटरचे बॅटरी पॅक दुरुस्त करतो, म्हणून नात्यातली पोरं हा प्रश्न माझ्याकडे घेऊन येतात. "मामा, मेकॅनिकलच्या नळीत काहीच तर नाही आहे. ना सर्किट, ना स्क्रीन. बिघडन काय त्यात?" असं एका भाच्यानं विचारलं होतं. त्याचं उत्तर फोनवर मावेना.

जो सिगारेट ओढत नाही, त्यानं यातलं काहीही घेऊ नये. निकोटीनची सवय विकत आणण्यात शहाणपण नाही. आणि पानठेल्यावरचा खर्रा सोडायला म्हणून कुणी वेप घेत असेल, तर थांबा. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन 1800-11-2356 हा फोन फुकट आहे आणि ते खर्र्याबद्दलही बोलतात.

पायरी 1 : दोन्हींत फरक काय ते पाहा

मेकॅनिकल मॉड म्हणजे पितळेची, तांब्याची किंवा स्टीलची पोकळ नळी. खाली बटण, मध्ये सेल, वर अ‍ॅटमायझर आणि त्यात कॉइल, म्हणजे तापून द्रवाची वाफ करणारी तार. बटण दाबलं की सेलचा करंट सरळ कॉइलमध्ये. मधे कुणी नाही. सेल भरलेला असेल तर 4.2 व्होल्ट, उतरत गेला की 3.7, मग त्याहून कमी. वाफ आणि चवही तशीच उतरत जाते.

रेग्युलेटेडमध्ये सेल आणि कॉइलच्या मधे चिप बसलेली असते. तुम्ही वॅट ठरवता, ती कॉइलचा रेझिस्टन्स मोजते आणि तेवढाच व्होल्टेज पुढे सोडते. शॉर्ट दिसला तर चालूच होत नाही. सेल साधारण 3.2 व्होल्टच्या आसपास आला की बंद होते, फार गरम झाली तरी बंद होते, आणि बटण आठ-दहा सेकंदांहून जास्त दाबून धरलं तर आपणच तोडते.

आपल्याकडच्या जुन्या घरांत किटकॅटमध्ये फ्यूज वायरऐवजी तांब्याची जाड तार गुंडाळून ठेवणारे महाभाग असतात. लाइट जात नाही म्हणून ते खूश असतात. मेकॅनिकल मॉड त्याच जातीचा आहे, कारण तोडायला आत काही नसतंच. भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. त्या नळीत बिघडायला काही नाही, आणि बिघाड झाला तर तो थांबवायलाही काही नाही.

एक मधला प्रकारही मिळतो, त्याला सेमी-रेग्युलेटेड म्हणतात. वॅट ठरवता येत नाहीत, पण शॉर्ट आणि लो व्होल्टेजचं संरक्षण असतं. मेकॅनिकलच्या थेट वाफेचं वेड असलेल्यांना तो पुरतो.

पायरी 2 : कागदावर हिशेब करा

शाळेतला ओहमचा नियम इथं रोज लागतो. करंट म्हणजे व्होल्टेज भागिले रेझिस्टन्स. मेकॅनिकलसाठी व्होल्टेज नेहमी 4.2 धरायचा, कारण सगळ्यात जास्त करंट भरलेल्या सेलवरच निघतो. कॉइल 0.5 ओहमची असेल तर 8.4 अँप, म्हणजे जेमतेम 35 वॅट. ठीक. 0.2 ओहम झाली की 21 अँप. 0.15 ओहम असेल तर 28 अँप, आणि 0.1 ओहमला 42 अँप, पावणेदोनशे वॅटच्या वर. चांगल्यातला चांगला 18650 सेलसुद्धा (18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब, वेपमधला नेहमीचा आकार) सतत 20 ते 30 अँपच्या पलीकडे सुरक्षितपणे देत नाही. वाफेचे मोठे "ढग" काढायच्या नादात लोक 0.1 च्या कॉइली गुंडाळतात तेव्हा हा आकडा त्यांनी मांडलेला नसतो.

रेग्युलेटेडचा हिशेब वेगळा आहे, आणि इथं बरेच जण गोंधळतात. सेलवर पडणारा भार कॉइलच्या ओहमवर ठरत नाही, वॅटवर ठरतो. एका सेलच्या डिव्हाइसवर 60 वॅट लावले आणि सेल 3.2 व्होल्टवर आला, तर 60 भागिले 3.2 म्हणजे जवळपास 19 अँप. चिपमध्ये थोडी वीज वाया जाते, ती धरली तर 21 च्या आसपास. म्हणजे 20 अँपचा सेल काठावर आला. मेकॅनिकलमध्ये सेल उतरला की करंट कमी होतो, रेग्युलेटेडमध्ये उलट वाढतो, कारण ठरलेले वॅट पूर्ण करायचे असतात. म्हणून एका सेलवर 40-50 वॅटच्या आत राहा. त्याहून जास्त हवे असतील तर दोन सेलचं डिव्हाइस घ्या. तिथं भार निम्मा वाटला जातो.

रेझिस्टन्स मोजायला बाजारातला साधा मल्टिमीटर वापरू नका. त्याच्या वायरींचाच रेझिस्टन्स 0.2 ते 0.5 ओहम असतो, मग 0.2 ची कॉइल मोजणार कशी? वेपसाठीचा ओहममीटर मिळतो, तो घ्या. रेग्युलेटेडवाल्यांना तो आकडा स्क्रीनवर आयता दिसतो.

पायरी 3 : डिव्हाइसआधी सेल निवडा

माझ्या मते नव्वद टक्के निवड इथंच होते. लोक चकचकीत नळीवर पैसे घालतात आणि सेल मिळेल तो उचलतात.

सेलवर दोन आकडे महत्त्वाचे. क्षमता मिलीअँप-अवरमध्ये असते आणि सतत देता येणारा करंट अँपमध्ये. दोन्ही एकत्र फार वाढत नाहीत. सॅमसंगचा 25आर 2500 मिलीअँपचा आणि 20 अँपचा. एलजीचा एचजी2 3000 चा, तोही 20 अँपचा. उलट पॅनासॉनिकचा एनसीआर18650बी 3400 चा असला तरी सतत करंट सात अँपच्याही आत. तो लॅपटॉप आणि पॉवर बँकेसाठी उत्तम, मेकॅनिकल मॉडमध्ये घातला तर आगीला आमंत्रण. "पल्स" किंवा "मॅक्स" म्हणून छापलेला मोठा आकडा सोडून द्या, सतत करंटचाच धरा.

18650 च्या आकारात 3500-3600 मिलीअँपच्या वर फारसं मावत नाही. ज्याच्यावर 9800 लिहिलंय तो खोटा आहे, त्यात चर्चा नको. असे सेल माझ्या टेबलावर टॉर्चमधून निघून येतात. हातात घेतल्या घेतल्या हलके लागतात. खरा सेल 45 ते 50 ग्रॅमचा असतो.

मोठ्या सेल कंपन्या स्वतःच सांगतात की सुटे सेल वेपमध्ये वापरायला नाहीत, ते संरक्षण सर्किटसह पॅकमध्ये बसवण्यासाठी आहेत. हे ऐकूनही वापरायचाच असेल, तर निदान ओळखीच्या, नाव असलेल्या विक्रेत्याकडून घ्या. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेला सेल तर अजिबात नको.

आता सेल जवळून बघा. वरचा उठावदार गोल प्लस. बाकीचं सगळं डबडं, बुडापासून थेट प्लसच्या कडेपर्यंत, मायनस. दोघांमध्ये एक पातळ रिंग आणि वरचं प्लॅस्टिकचं आवरण, बस्स. प्लसच्या कडेला आवरण नखाएवढं फाटलं आणि तो सेल धातूच्या नळीत गेला की शॉर्टच. आवरण आणि रिंग नवीन मिळतात, काही रुपयांत काम होतं. तोवर तो सेल वापरू नका. दोन सेलचं डिव्हाइस असेल तर दोन्ही एकाच दिवशी घेतलेले, एकाच जातीचे ठेवा आणि जोडी मोडू नका.

पायरी 4 : तुम्हाला खरंच काय लागतं?

सिगारेट सोडायला वेप घेणाऱ्याला बहुतेक वेळा यातलं काहीच लागत नाही. छोटा पॉड पुरतो. साधारण 1 ओहमची कॉइल, 10 ते 20 वॅट, आत बॅटरी आणि सर्किट बसलेलं, यूएसबीनं चार्ज. तोही रेग्युलेटेडच. सेल सुटा हाताळावा लागत नाही, म्हणजे वरच्या पायरीतली निम्मी डोकेदुखी गेली. ब्रिटनमध्ये टँक, म्हणजे द्रव भरायची टाकी, 2 मिलीचा, निकोटीन 20 मिलीग्रॅम प्रति मिलीपर्यंत आणि रिफिलची बाटली 10 मिलीची, असे नियम आहेत. 1 जून 2025 पासून तिथं वापरून फेकायचे वेप बंद झाले, त्यामुळे पुन्हा भरता येणारा पॉडच घ्यावा लागतो.

ज्याला चव, तापमान, वॅट यांच्याशी खेळायचंय, त्यानं सुटे सेल घालायचा रेग्युलेटेड मॉड घ्यावा. मेकॅनिकल कुणी घ्यावा? जो कॉइल स्वतः गुंडाळतो, दर वेळी ओहम मोजतो आणि सेलचं आवरण रोज बघतो त्यानंच. "मला कंटाळा आला तर?" याचं उत्तर "मग मी मोजणार नाही" असं असेल, तर तो तुमच्यासाठी नाही. स्वस्त पडतो म्हणून घ्यायचा असेल तर अजिबातच नाही.

पायरी 5 : तरी मेकॅनिकलच हवा असेल तर

पहिली तपासणी नळीच्या भोकांची. सेल बिघडला की आत वायू तयार होतो, तो बाहेर पडायला पुरेशी मोठी भोकं हवीत. नाहीतर नळी तोंडाजवळ धरलेला फटाका होते. मे 2018 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्ग इथं वेप फुटून एकाचा जीव गेला.

दुसरी हायब्रिड मॉडची. यात अ‍ॅटमायझरची मधली पिन थेट सेलच्या प्लसवर टेकते. ती पिन भोवतालच्या आट्यांपेक्षा स्पष्ट बाहेर आलेली हवी. आट्यांच्या बरोबरीत असेल तर आटेच प्लसला लागतात आणि बटण दाबायचीही वाट न बघता शॉर्ट होतो. बऱ्याच तयार टँकांची पिन अशी आतच असते. ते टँक हायब्रिडवर चढवायचेच नाहीत.

बटणाला लॉक हवं, आणि खिशात घालताना ते लावायचं. वाफ मंद वाटू लागली की थांबा, सेल काढून चार्जरला लावा. 3.5 व्होल्टच्या खाली ओढत राहू नका, इथं तोडणारं कुणी नाही.

पायरी 6 : सुट्टीला नागपूरला येताना

डिव्हाइस तिकडंच ठेवून या. आयातीवर बंदी आहे, आणि सोनेगावच्या विमानतळावर बॅग उघडली गेली तर "माझ्या वापरापुरतं आहे" ही सबब पुढे करायची वेळ आणू नका. सिंगापूर किंवा थायलंडवरून येणार असाल तर तिथंही बंदी आहे, हे तिकीट काढतानाच बघून घ्या.

सुटे 18650 सेल टॉर्चसाठी किंवा दुसऱ्या कशासाठी जवळ असतील, तर केबिन बॅगेत, प्रत्येक सेल वेगळ्या प्लॅस्टिकच्या डबीत. किल्ल्या आणि नाण्यांसोबत खिशात टाकलेला सेल मांडी भाजतो. आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, आलात तर सेल उन्हात उभ्या कारमध्ये विसरू नका. बाहेर 45 अंश असताना बंद काचेच्या आत डॅशबोर्ड त्याच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. बहुतेक लिथियम सेलना चार्ज करायची मर्यादाच 45 अंशांची असते, म्हणजे मे महिन्यात दुपारी खिडकीपाशी चार्जिंगला लावलेला सेल आधीच काठावर असतो. रात्री, कूलरच्या खोलीत, समोर माणूस असताना चार्ज करा.

घरात जुना वेप किंवा सेल पडला असेल तर ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. भांडेवाडीला उन्हाळ्यात कचरा एरवीच पेटतो, त्यात दबलेला सेल नको. सेल निघत असेल तर काढा, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, कोरड्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. फुगलेला किंवा गळणारा असेल तर खिळा मारून, कापून बघायचा मोह आवरा. वाळूच्या डब्यात घालून घराबाहेर ठेवा आणि देताना त्या माणसाला सेल फुगलेला आहे हे सांगा.