शिडाच्या होडीचं बूड आणि उद्यमनगरची पिन

कोल्हापुरात शिडाची होडी म्हटलं की लोक आधी हसतात. माझी फायबरची छोटी डिंगी वर्षभर परड्यात असते, थंडीत मालवणला जाते. जूनमध्ये तिच्या बुडाला भेग दिसली.

पण आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात दुरुस्तीचं रेझिन (काचतंतूंना धरून घट्ट होणारा चिकट द्रव) नीट धरत नाही. ऑक्टोबरच्या उन्हाची वाट बघत बसणं, हाच सगळ्यात मोठा वैताग.

भेग नुसती बुजवून टिकत नाही. कडा जाडीच्या बारापट रुंद उतारात घासाव्या लागतात. बूड ४ मिलिमीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला जवळजवळ ५ सेंटिमीटर. ग्राइंडरची धूळ कॉलरमधून आत शिरते, अंघोळ करूनही खाजत राहते. मास्क, चष्मा हवाच. १०० ग्रॅम पॉलिएस्टर रेझिनला १ ते २ ग्रॅम हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारं रसायन. कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रावण) आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मगच हार्डनर. ते दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडू शकतो. रेझिन थोडं थोडंच कालवलं, उन्हात लगेच आळतं. रोलर फिरवताना मात्र मजा येते: काचतंतूंची पांढरी मॅट भिजत भिजत काचेसारखी पारदर्शक होते.

सुकाणूची पिन उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, लेथवर करून घेतली, ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसची. खाऱ्या पाण्यात ३०४ लवकर डागाळतं.

“ट्रॅक्टरची हाय काय, भावा?” लेथवाल्यानं विचारलं.

“होडीची.”

“रंकाळ्यात सोडनार?”

पैसे पुरेपूर घेतले, पण पॉलिश फुकट मारून दिलं. जेलकोटचा, म्हणजे वरच्या रंगीत थराचा, रंग काही जुळला नाही. ठिगळ लांबूनही दिसतं. दिसू दे, पाणी येत नाही.