लॉक फाइल उडवण्याआधी थांबा: लिनक्सवर पॅकेजेस टाकताना या चुका टाळा

महिन्यातून दोनदा तरी कुणाचा ना कुणाचा मेसेज येतो, "ताई, ॲप्ट चालत नाहीये." (ॲप्ट म्हणजे लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकायचं साधन.) सोबत मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो, आणि त्यात एररची नेमकी कामाची ओळ कापलेली. मग मी विचारते, "याच्या आधी काय केलंस?" उत्तर ठरलेलं, "काहीच नाही." अर्ध्या तासाने कळतं की नेटवर सापडलेल्या चार कमांड एकापाठोपाठ एक चिकटवून झालेल्या असतात.

पंधरा वर्षं मुंबईतल्या छोट्या ऑफिसांचे सर्व्हर सांभाळतेय. चुका त्याच त्या, करणारी माणसं फक्त बदलतात. म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी एक गोष्ट समजून घ्या, पुढचं सोपं जाईल. डेबियन, उबुंटू, मिंट या लिनक्सच्या सगळ्या प्रकारांत खाली डीपीकेजी आहे आणि वर ॲप्ट. ॲप्ट रेपोमधून (नेटवरच्या कोठारातून) पॅकेज म्हणजे सॉफ्टवेअरचं गाठोडं आणतं, कशाला काय लागतं ते जुळवतं. प्रत्यक्ष पॅकेज उघडून फायली जागेवर ठेवायचं आणि नोंद करायचं काम डीपीकेजीचं. ही नोंद म्हणजे काही गूढ डेटाबेस नाही. /व्हार/लिब/डीपीकेजी फोल्डरमध्ये 'स्टेटस' नावाची साधी टेक्स्ट फाइल असते. 'लेस'ने उघडून बघा. प्रत्येक पॅकेजखाली एक ओळ दिसेल: इन्स्टॉल ओके इन्स्टॉल्ड. पहिला शब्द तुम्हाला काय हवंय ते सांगतो, दुसरा गडबड आहे का ते, तिसरा आत्ता खरी परिस्थिती काय ते. सोसायटीच्या गेटवर वॉचमनची वही असते ना, अगदी तसंच. वहीत नाव नाही तर तो माणूस बिल्डिंगमध्ये नाही, असं वॉचमन धरून चालतो. पुढच्या बहुतेक चुका म्हणजे वॉचमनला न सांगता मागच्या भिंतीवरून चढणं.

लॉक फाइल उडवणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून हिच्यावर जास्त लिहिणार.

एरर तुम्ही पाहिलेली असेल: कुड नॉट गेट लॉक, आणि पुढे 'लॉक-फ्रंटएंड' फाइलचा पत्ता. शोधलं की पहिल्या पाचात एक उत्तर हमखास मिळतं: सुडो आरएम करून (म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने डिलीट करून) त्या तीन-चार लॉक फायली उडवा. लोक उडवतात, काम होतं, आणि हाताला चटक लागते. दहापैकी नऊ वेळा काही बिघडत नाही. दहाव्या वेळी मला फोन येतो.

२०१९चा जुलै. मस्जिद बंदरच्या एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात उबुंटू १८.०४ वर बिलिंग चालायचं. तिथला मुलगा हुशार, पण घाई भारी. शुक्रवारी संध्याकाळी दादरहून कल्याण फास्ट पकडली आणि दारात उभ्या उभ्या मोबाइलवरून एसएसएच करून (दुरून सर्व्हरमध्ये शिरून) अपग्रेड सुरू केलं. का, तर "गाडीत वेळच होता, ताई." त्या काळी फास्ट लोकल ठाण्यानंतर पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. बोगदा लागला आणि नेट गेलं. नेमकं त्याच वेळी अपग्रेडने एका कॉन्फिग फाइलबद्दल विचारलं होतं की तुमची ठेवू की नवीन टाकू.

आता सर्व्हरच्या बाजूने बघा. मोबाइलचं नेट गेलं हे सर्व्हरला लगेच कळत नाही. त्याच्या लेखी माणूस अजून समोर बसलाय, विचार करतोय. म्हणून डीपीकेजी लॉक हातात धरून उत्तराची वाट बघत राहिला. डाटाबेसचं पॅकेज अपग्रेडसाठी आधीच बंद केलेलं.

डोंबिवलीला उतरून मुलाने पुन्हा लॉगिन केलं, पुन्हा अपग्रेड, आणि ती लॉकची एरर. त्याने शोधलं, लॉक फायली उडवल्या. मग मशीनने सांगितलं की आधीचं काम अर्धवट आहे, डीपीकेजी कॉन्फिगर डॅश ए चालवा. तेही चालवलं. म्हणजे आता दोन डीपीकेजी एकाच वहीत लिहायला बसले.

इथे बहुतेकांचा गैरसमज होतो. लॉक म्हणजे ती फाइल नव्हे. मशीन शांत असतानाही ती फाइल तिथे असतेच, खात्री करून घ्या. एखादी प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) ती फाइल धरून बसते आणि ते कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, माहीत असतं, त्याला लॉक म्हणतात. फाइल उडवलीत तरी पहिली प्रोसेस जुनी फाइल धरूनच असते. दुसरी त्याच नावाची नवी फाइल बनवते आणि ती धरते. दोघांनाही वाटतं, घरात आपण एकटेच. संडासाची कडी आतून लागलेली असताना कुणी दारच काढून नवीन दार बसवावं, तसा प्रकार.

रात्री कधीतरी पहिलं कनेक्शन कायमचं तुटलं. त्या डीपीकेजीने काम अर्धवट सोडताना आपल्याला माहीत असलेली जुनी नोंद लिहिली आणि गेला. सकाळी ॲप्टची कुठलीही कमांड दिली की 'अपडेट्स' फोल्डरमधली फाइल वाचता येत नाही म्हणून नकार. डाटाबेस बंद. खाली भिवंडीला जायचा टेम्पो भरून उभा आणि वर बिल निघेना. शेठ एक शब्द बोलले नाहीत, फक्त दर दहा मिनिटांनी येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

वाचलो ते एका गोष्टीमुळे. डेबियन आणि उबुंटूवर ही स्टेटस फाइल रोजच्या रोज /व्हार/बॅकअप्समध्ये कॉपी होते, त्या मशीनवर मागच्या सात प्रती होत्या. आधी बिघडलेलं सगळं एका फोल्डरमध्ये बाजूला ठेवलं. (हे नेहमी करा. तुटलेलं सुद्धा फेकू नका.) मग आदल्या दिवशीची वही परत आणली, डीपीकेजीचा लॉग उघडून शुक्रवारी संध्याकाळी कुठली पॅकेजेस हलली होती ती यादी कागदावर उतरवली, आणि तेवढी एकेक करून पुन्हा टाकली. डाटाबेस चालू झाला तेव्हा चार वाजले होते. डबा उघडलाच नव्हता.

मग करायचं काय? लॉकची एरर आली की आधी कोण बसलंय ते बघा. 'सुडो एलएसओएफ' आणि पुढे लॉक फाइलचा पत्ता द्या, प्रोसेसचा नंबर मिळतो. उबुंटू २०.०४ पासून तर ॲप्ट स्वतःच सांगतं की अमुक नंबरच्या प्रोसेसने धरलंय, आणि थांबून राहतं. त्यात 'अनअटेंडेड-अपग्रेड' असं काही दिसलं तर मशीन आपणहून सिक्युरिटी अपडेट टाकतंय. चहा पिऊन या. पाच-दहा मिनिटांचा प्रश्न असतो. नव्या मशीनला चालू केल्या केल्या हात लावणाऱ्यांना हे रोज भेटतं, आणि पाच मिनिटं थांबणं त्यांना नेमकं जमत नाही. तुमचंच जुनं, अनाथ झालेलं सेशन असेल तर ती प्रोसेस साध्या 'किल'ने थांबवा, डॅश नाइन लावून (जबरदस्तीने) नव्हे. ती खरंच गेली का बघा, मगच डीपीकेजी कॉन्फिगर डॅश ए. फाइल उडवायची गरज यात कुठेच येत नाही.

आणि दूरच्या मशीनवर अपग्रेड करायच्या आधी टीमक्स किंवा स्क्रीन सुरू करा, म्हणजे नेट गेलं तरी सेशन जिवंत राहतं. माझ्या बोटांना इतकी सवय झालीय की समोरच्या मशीनवरही आधी टीमक्स टाइप होतं. नेट गेलं तर पुन्हा जोडा, प्रश्न तिथेच वाट बघत असतो, उत्तर द्या. लोकलच्या दारात उभं राहून अपग्रेड करू नका हे वेगळं सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

डॅश वाय लावणे

कमांडच्या शेवटी डॅश वाय लावलं की ॲप्ट काही विचारत नाही. स्क्रिप्टसाठी ठीक. हाताने टाइप करताना लावणारा माणूस मला न वाचता सही करणाऱ्यासारखा वाटतो.

ॲप्ट विचारतं त्याच्या आधी तीन-चार याद्या दाखवतं. त्यातली एकच कामाची: 'विल बी रिमूव्ह्ड'. नवीन काय येणार ते एकवेळ सोडा, जाणार काय ते वाचाच. २०२१ साली लायनस सबॅस्टियन या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्सवर स्टीम हे गेम्सचं सॉफ्टवेअर टाकायला घेतलं. रेपोमधल्या गडबडीमुळे ॲप्टने ठरवलं की स्टीम हवं तर डेस्कटॉप काढावा लागेल. तसं त्याने स्पष्ट लिहिलं, वर "येस, डू ॲज आय से!" असं अख्खं वाक्य टाइप करायला लावलं. त्याने केलं. डेस्कटॉप गेला. लोक त्याला हसले, मी हसले नाही, कारण अख्खं वाक्य टाइप करायला लावूनही माणूस वाचत नाही हे मी ठाण्यापासून चर्चगेटपर्यंत बघितलंय. नंतर ॲप्टने ती वाक्य टाइप करायची वाटच बंद केली.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे "नवीन पायथन टाकलाय, जुना काढून टाकू". उबुंटूच्या पायथनवर (ही प्रोग्रामिंगची भाषा) अर्धी सिस्टीम उभी असते. तो काढला की डेस्कटॉपचे तुकडेही सोबत जातात. जागेची एवढी चणचण असेल तर 'ॲप्ट क्लीन' चालवा, उतरवून ठेवलेली पॅकेजेस साफ होतील.

माझी सवय अशी: धाकधूक वाटली की आधी डॅश एस लावून चालवते. काय होणार ते नुसतं दाखवतं, करत काही नाही. आणि ऑटोरिमूव्हची (आता कशालाच न लागणारी पॅकेजेस काढणाऱ्या कमांडची) यादी नेहमी डोळ्यांखालून घालते. तुम्हाला हवं असलेलं नाव त्यात दिसलं तर 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल' म्हणून त्याला ठेवून घ्या.

सुडो पिप

भिंतीवरून चढणाऱ्यांत हे आघाडीवर. पिप हे पायथनचं स्वतःचं पॅकेज टाकायचं साधन. सुडो लावून पिपने टाकलेल्या फायलींची नोंद ॲप्टच्या वहीत होत नाही, आणि सिस्टीमच्या पायथनला एके दिवशी भलतीच आवृत्ती सापडते. लोकांनी इतका छळ केला की डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून पिप सरळ नकार देतं, "एक्स्टर्नली मॅनेज्ड" म्हणून. त्यावर मंडळी काय करतात? 'ब्रेक सिस्टम पॅकेजेस' नावाचा पर्याय लावतात. नावातच लिहिलंय हो! वेन्व्ह, म्हणजे पायथनची वेगळी खोली, बनवा. नुसतं एखादं टूल हवं असेल तर पिपएक्स.

नेटवरची स्क्रिप्ट कर्लने ओढून न वाचता थेट सुडो बॅशने चालवणं हेही याच घराण्यातलं. निदान आधी उतरवून वाचा तरी.

उबुंटूचे रेपो डेबियनवर

पीपीए, म्हणजे बाहेरच्या लोकांचे जोड-रेपो, उबुंटूसाठी बनतात. ते डेबियनवर जोडले, किंवा डेबियनच्या स्टेबल (पक्क्या) आवृत्तीत टेस्टिंगची (चाचणीतल्या आवृत्तीची) ओळ घुसवली, की पहिल्या दिवशी सगळं छान चालतं. डेबियनवाल्यांनी या प्रकाराला फ्रँकनडेबियन असं नावच देऊन ठेवलंय. सहा महिन्यांनी मुख्य लायब्ररीची आवृत्ती अशी अडकते की पुढेही जाता येत नाही आणि मागेही. शंका आली तर 'ॲप्ट पॉलिसी' आणि पॅकेजचं नाव द्या, कुठल्या रेपोतून काय येतंय ते कळतं.

बाकीच्या, भरभर

अपडेट म्हणजे फक्त याद्या ताज्या करणं. पॅकेजेस बदलतात ती अपग्रेडने. "अपडेट केलं तरी व्हर्जन तेच" हा प्रश्न मला अजूनही येतो.

उतरवलेली डेब फाइल डीपीकेजी डॅश आयने टाकू नका, डिपेंडन्सी आणत नाही. ॲप्ट इन्स्टॉल करा, पण नावाआधी टिंब आणि स्लॅश द्या, नाहीतर ते रेपोत शोधत बसतं.

रिमूव्हने कॉन्फिग मागे राहतं, पर्जने जातं. डीपीकेजी डॅश एलमध्ये सुरुवातीला 'आरसी' दिसलं तर ते हेच, घाबरू नका.

कॉन्फिग फाइलचा प्रश्न आला की डी दाबून फरक बघा. मी सहसा माझी ठेवते. नवी फाइल शेजारी 'डीपीकेजी-डिस्ट' नावाने पडून राहते, ती सवडीने वाचते.

बूट पार्टिशन भरलं म्हणून कर्नलच्या फायली हाताने उडवू नका. ऑटोरिमूव्ह आहे. त्याआधी 'यूनेम डॅश आर'ने चालू कर्नल कुठला ते बघा.

आर्च लिनक्सवाल्यांनो, पॅकमनला (तुमच्या ॲप्टला) नुसतं एसवाय देऊन पॅकेज टाकणं म्हणजे अर्धं अपग्रेड. एसवाययू द्या, नाहीतर काहीच नको.

अचानक सगळीकडे ४०४ (फाइल सापडत नाही) यायला लागले तर नेटला शिव्या देऊ नका, तुमच्या लिनक्सच्या आवृत्तीची मुदत संपलीय का बघा. सेंटओएस ७ची मुदत ३० जून २०२४ला संपली. त्यावरचं यम (तिथलं ॲप्ट) तेव्हापासून मिररची (रेपोच्या प्रतींची) यादीच मिळत नाही म्हणून रडतं, आणि लोक राउटर बदलतात.

आणि मला मेसेज करायचाच असेल तर तीन गोष्टी पाठवा: पूर्ण एरर, 'डीएफ डॅश एच'चं (डिस्कवर जागा किती ते दाखवणाऱ्या कमांडचं) आउटपुट, आणि /व्हार/लॉग/ॲप्टमधल्या 'हिस्टरी' लॉगच्या शेवटच्या चाळीस ओळी. "काहीच केलं नाही" म्हणणाऱ्यांनी काय काय केलं, ते त्या लॉगमध्ये वेळेसकट असतं. मजकूर कॉपी करून पाठवा, फोटो नको.