जुन्या गाडीच्या इंजिन बेमधला गंज: रंगाचा डबा बाजूला ठेवा, आधी सांधा उघडा

बॅटरीखालचा पत्रा तपकिरी होऊन फुगलेला दिसला की हमखास एक सल्ला मिळतो: तारेच्या ब्रशने घासा, वरून गंजरोधक काळा रंग मारा, काम झालं. हा सल्ला ऐकून गाडीचं नुकसान करून घेऊ नका. इंजिन बेमध्ये (बॉनेटखालच्या इंजिनच्या जागेत) मोकळ्या, सपाट पत्र्याला गंज लागला तर तो सहज दिसतो आणि सहज निघतोही. गाडी खाणारा गंज वेगळा. जिथे दोन पत्रे एकमेकांवर चढवून स्पॉट वेल्ड केलेले, म्हणजे ठिपक्याठिपक्यांनी वितळवून जोडलेले असतात, त्या सांध्याच्या आत तो वाढतो. तिथे पाणी शिरतं, वाळत नाही आणि ब्रश पोहोचत नाही. लोखंडाचा गंज झाला की त्याला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे तो दोन्ही पत्र्यांना एकमेकांपासून ढकलतो. दोन स्पॉट वेल्डच्या मधला पत्रा फुगलेला दिसला तर आत काय चाललंय हे वेगळं सांगायला नको.

बॅटरी, पेट्रोलच्या नळ्या, वायरिंग आणि जळू शकेल अशी प्रत्येक वस्तू तुम्ही बाहेर काढली आहे, असं धरून चालतो. इंजिन बाहेर काढता येत असेल तर काढाच.

आधी कारण शोधा

बॅटरीखालचा गंज आम्लामुळे होतो. पाण्यात खाण्याचा सोडा कालवून तिथे ओता, फेस यायचा थांबेपर्यंत ओतत राहा आणि मग भरपूर पाण्याने धुवा. ब्रेकच्या मास्टर सिलिंडरखाली गंज असेल तर सील गळतंय. नेहमीचं ब्रेक ऑइल ग्लायकॉलचं असतं, ते रंग सोलून काढतं. ते सील बदलल्याशिवाय खालच्या पत्र्याला हात लावण्यात अर्थ नाही. फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्याच्या) वरच्या कोपऱ्यात गंज असेल तर समोरच्या काचेखालच्या पन्हळीत पाला साचून पाणी निघायची भोकं बुजलेली असणार.

टोचून बघा

बोथट स्क्रूड्रायव्हर आणि छोटी हातोडी घेऊन सगळीकडे ठोका. चांगला पत्रा टणटण वाजतो, कुजलेला बसका आवाज देतो. चुंबक फिरवा; तो जिथे चिकटत नाही तिथे आधीच्या कुणीतरी लांबी (पुट्टी) भरून ठेवली आहे. ती सगळी काढा.

इथेच एक मर्यादा आखून घ्या. सस्पेंशनचा टॉवर (शॉक ॲब्सॉर्बरचं वरचं टोक बसतं तो उंचवटा), चेसिसच्या पुढून मागे जाणाऱ्या पोकळ पेट्या आणि स्टीअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवतीचा पत्रा गाडीचं वजन आणि धक्के पेलतात. तिथे भोक पडलं असेल आणि वेल्डिंगवर तुमचा हात बसलेला नसेल, तर ते काम जाणकाराकडे द्या. बॅटरी ट्रे, बाजूचे आतले पत्रे, रेडिएटरच्या कडेची पट्टी एवढं मात्र घरी उत्तम जमतं.

सांधा उघडणं

मला सगळ्यात जास्त झगडायला लावलं ते याच टप्प्याने, आणि बहुतेक लोक नेमका हाच टाळतात.

सांध्यावरचा रंग ८० नंबरच्या सँडपेपरने उतरवा. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून सपाट फिरवला की उंच भाग चकाकतो आणि स्पॉट वेल्डचे खड्डे गडद गोल ठिपके म्हणून उरतात. प्रत्येक ठिपक्याच्या मध्यावर पंच मारा. आता साधा ड्रिल बिट लावू नका. त्याचं टोक निमुळतं असतं, त्यामुळे वरचा पत्रा पूर्ण सुटायच्या आधीच ते खालच्या पत्र्यातून आरपार जातं. स्पॉट वेल्ड कापायचा सपाट तोंडाचा कटर मिळतो, ८ मिमीचा घ्या. मशीन हळू फिरवा आणि दर थोड्या वेळाने उचलून बघा. वरचा पत्रा संपला की भोकाच्या कडेला बारीक गोल रेघ उमटते आणि त्या रेघेत बहुधा गंजाचा तपकिरी रंग दिसतो. तिथेच थांबायचं.

मग पातळ, रुंद छिन्नी दोन पत्र्यांच्या मध्ये सरकवा आणि हलक्या ठोक्यांनी पुढे न्या. कुठे अडली तर एक वेल्ड नजरेतून सुटलाय असं समजा. तो शोधून कापा. जोर लावून उचकटलंत तर खालचा चांगला पत्रा फाटेल आणि काम दुप्पट होईल.

सांधा उघडल्यावर आतून काळ्या खपल्या गळतात. त्या खरवडून काढा, पण तारेच्या चाकाच्या चमकेवर विश्वास ठेवू नका. ते गंजाला पॉलिश करतं. टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरपा धरा: खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके दिसले तर गंज अजून तिथेच आहे. अशा ठिकाणी फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण लावून ओलं ठेवा, बाटलीवर सांगितल्याप्रमाणे धुवा आणि गरम हवेने कोरडं करा. सांधा बंद असताना हे आम्ल कधीही आत सोडू नका. ते धुऊन काढता येत नाही आणि पुढे रंगाला धरू देत नाही. 'गंज कन्व्हर्टर' (गंजाचं टिकाऊ थरात रूपांतर करणारं रसायन) लावून वर थेट रंग मारायला सांगणाऱ्यांशी माझं पटत नाही. पातळ गंजावर ते चालेलही. थर धरलेल्या गंजाचा फक्त वरचा पापुद्रा बदलतो, खालचा तसाच राहतो.

आता काय ठेवायचं आणि काय कापायचं ते ठरवा. या भागातला पत्रा साधारण ०.८ ते १ मिमी जाड असतो. खड्ड्यांमुळे तो निम्म्यावर आला असेल तर कापा. भोकाच्या काठापर्यंतच कापायचा मोह होतो, तिथे थांबू नका. पूर्ण जाडीचा, स्वच्छ पत्रा लागेपर्यंत मागे जा आणि वर दोन-तीन सेंटीमीटर आणखी घ्या. कापलेल्या भागाचे कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपऱ्यातून पुढे चीर जाते.

नवा तुकडा बसवणं

पुठ्ठ्याचा साचा काढा आणि मूळ जाडीचाच पत्रा कापा. तुकडा भोकावर झाकणासारखा ठेवून चारी बाजूंनी वेल्ड करू नका. पाणी धरणारा नवा सांधा तुम्हीच तयार कराल. कडेला कड लावून, मध्ये साधारण एक मिमी फट ठेवून बसवा. जिथे कारखान्याने मुळात पत्र्यावर पत्रा चढवलाय, फक्त तिथेच चढवा. त्या दोन्ही पृष्ठभागांवर वेल्डिंग चालेल असा झिंक प्रायमर मारा, वरच्या पत्र्यात स्पॉट वेल्डच्या जागी असलेल्या भोकांमधला प्रायमर खरवडा, पत्रे पकडीने घट्ट दाबा आणि ती भोकं वेल्डने भरा. झिंकचा धूर बाधतो. दारं-खिडक्या उघड्या हव्यात आणि धुरासाठीचा मास्क हवाच.

याहून मोठी सूचना: वेल्डिंगच्या आधी पत्रा पुसायला क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर वापरू नका. वेल्डिंगच्या उष्णतेने आणि किरणांनी त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. ॲसिटोनने पुसा, पूर्ण उडू द्या, चिंधी आणि डबा लांब ठेवा.

मिग मशीन (तार आपोआप पुढे सरकवणारं वेल्डिंग मशीन), ०.६ मिमी तार आणि आर्गॉन-कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण घ्या. त्याच जाडीच्या कापलेल्या तुकड्यांवर आधी मशीनची सेटिंग जुळवून घ्या. मग टाके (छोटे, सुटे वेल्ड) मारा, सलग रेघ ओढू नका. एक टाका इकडे, दुसरा समोरच्या टोकाला, असं करत शेजारच्या टाक्यांमधलं अंतर अडीच-तीन सेंटीमीटरवर आणा. मग त्यांच्या मध्ये, मग त्यांच्याही मध्ये. पुढचा टाका मारण्याआधी पत्रा हात ठेवता येईल इतका निवला पाहिजे. ओल्या फडक्याने थंड करू नका, आपोआप निवू द्या. फट मोठी झाली असेल तर मागे तांब्याची पट्टी दाबून धरा. वेल्ड तिला चिकटत नाही आणि भोक पडत नाही. तरीही कडेला भोकं पडतच राहिली तर मशीनची बटणं फिरवत बसू नका. तिथला पत्रा पातळ आहे, अजून मागे कापा.

ग्राइंडरला लावायच्या फ्लॅप डिस्कने (सँडपेपरच्या पाकळ्यांच्या चकतीने) वेल्ड सपाट करा. मागून दिवा धरून सुईएवढी छिद्रं राहिली नाहीत ना ते बघा.

प्रायमर, सिलंट, रंग

उघड्या लोखंडावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. पत्रा दवबिंदूपेक्षा (हवेतली वाफ पाणी होऊन जमायला लागते त्या तापमानापेक्षा) किमान ३ अंश सेल्सिअस जास्त गरम हवा, नाहीतर डोळ्यांना न दिसणारी ओल प्रायमरखाली अडकते. इपॉक्सीखाली आम्लाचा प्रायमर नको. सांध्याचं सिलंट इपॉक्सीच्या वर, ब्रशने दाबून लावा; उघड्या पत्र्यावर लावलेलं सिलंट सुटतं आणि खाली पाणी धरतं. मग रंग. हार्डनर मिसळायच्या रंगात आयसोसायनेट असतात, त्यामुळे फवारायचा असेल तर बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क लावा.

वेल्डच्या मागच्या बाजूचा रंग जळलेला असतो आणि पेटीच्या आत तो दिसत नाही. रंग पूर्ण वाळला की लांब नळीने आत पोकळीचं मेण (बंद पेट्यांना आतून गंजापासून वाचवणारं पातळ मेण) फवारा, पाणी निघायची भोकं काडीने मोकळी करा आणि वरून तांब्याभर पाणी ओतून ते खालून बाहेर येतंय का ते तपासा.

जोडणी करताना अर्थच्या केबलखालचा रंग तेवढ्या गोलापुरता खरवडून पत्रा चकचकीत करा, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळा आणि सगळ्यात शेवटी वरून व्हॅसलीन चोपडा. बॅटरीखाली कडा उचललेला प्लॅस्टिकचा ट्रे ठेवा आणि बॅटरीला वायू सोडायची नळी असेल तर ती पत्र्यांच्या खाली, मोकळ्या हवेत उतरवा.