बसलेलं किराणा दुकान उठवताना या चुका टाळा

गल्ला रोडावला की किराणा दुकानदार पहिला फोन सुताराला करतो. सगळ्यात महागडी चूक हीच, आणि ती करू नका म्हणून सांगितलेलं कुणालाच आवडत नाही.

तालुक्याच्या गावात मोठं मार्ट उघडतं, विक्री घसरते, आणि मालकाच्या डोक्यात बसतं की गिऱ्हाईक एसीला भुललं. मग सहा लाखांचं कर्ज, काचेचा दरवाजा, पीओपी, लायटिंगचा बोर्ड. चौदा टक्के व्याज आणि तीन वर्षं मुदत धरली तर हप्ता महिना साडेवीस हजार. किराण्यात सरासरी दहा टक्के सुटतात असं धरा. म्हणजे नुसता हप्ता फेडायला महिन्याला दोन लाख पाच हजारांची, रोज जवळपास सात हजारांची जादा विक्री हवी. ती येणार कुठून? फळ्या नव्या, त्यांच्यावरचा माल जुनाच! आठ-दहा दिवस लोक बघायला येतात. मग हप्त्यापायी माल भरायला पैसा उरत नाही, होलसेलवाला उधार बंद करतो, महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच साखर-तेल संपतं. 'तुमच्याकडे काही नसतंच हो' असं दोनदा म्हणून तिसऱ्यांदा गिऱ्हाईक पायरी चढत नाही. वर्षभरात चकचकीत रॅक अर्धे रिकामे आणि हप्ते अजून दोन वर्षांचे बाकी.

दुकान थोडं थोडं, पण न चुकता नवं करायचं असतं. आठवड्याला एक रॅक. बारा रॅक असतील तर तीन महिन्यांत दुकानाची एक फेरी होते. त्यासाठी मंगळवार-बुधवारची दुपार बरी, गर्दी नसते. रॅकवरचा सगळा माल खाली उतरवा, फळी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येक खोक्यावर जाड मार्करने खरेदीचा महिना लिहा, जुना माल पुढे आणि नवा मागे लावा. उडालेली ट्यूब, सुटलेला खिळा, पुसट झालेली भावपाटी त्याच दिवशी उरकायची. 'एका रविवारी सगळं दुकान काढतो' म्हणणारे ते वर्षातून एकदा, दिवाळीच्या तोंडावर काढतात आणि निम्म्यावर सोडतात.

पडून राहिलेला माल कवटाळून बसणं

नव्वद दिवसांत ज्याचा एकही नग हलला नाही, तो माल गल्ल्याशेजारच्या क्रेटमध्ये काढा आणि खरेदीच्या खाली विका. इथे दुकानदाराचा हात थरथरतो. 'अठ्ठ्याऐंशीला घेतलंय, सत्तरला कसं देऊ?' द्या. त्या सत्तर रुपयांची साखर आणली, पाच टक्के सुटले आणि दहा दिवसांत ती संपली, तर पाच फेऱ्यांत, म्हणजे पन्नास दिवसांत, सत्तरचे एकोणनव्वद होतात. फळीवर तोच नग वर्षभर ठेवलात तर शेवटी एक्स्पायरी होऊन उकिरड्यावर जाईल.

हा माल येतो कुठून तेही बघा. बहुतेक वेळा स्कीममधून. महिन्याला तीन बाटल्या खपणाऱ्या फ्लोअर क्लीनरच्या दोन पेट्या, का तर वर सहा बाटल्या फुकट! सेल्समनचं टार्गेट भरतं, तुमचं भांडवल अडकतं. त्यामुळे वहीत मागच्या महिन्याची विक्री बघितल्याशिवाय ऑर्डर द्यायची नाही आणि नव्या मालाचा पहिला डाव सहा नगांपुरताच ठेवायचा. एक्स्पायरीचा माल परत घ्यायच्या अटी डिस्ट्रिब्युटरकडून बिल करतानाच विचारून घ्या. बाजारातून रोखीने स्वस्तात उचललेला माल सहसा कुणी परत घेत नाही.

उधारीवरून गल्ल्यावर तोंड सोडणं

पाच हजार थकलेलं गिऱ्हाईक तोंड चुकवतं आणि रोखीचा बाजार दुसरीकडे करतं. म्हणजे पैसेही गेले आणि माणूसही. दर महिन्याच्या पाच तारखेला वही काढा, थकबाकीचे तीन भाग करा: महिन्याच्या आतली, तीन महिन्यांपर्यंतची आणि त्याहून जुनी. जुन्या बाकीचे पाचशे-पाचशेचे हप्ते पाडून द्या आणि हप्ता येत असेल तोवर नवा माल रोखीने आनंदाने द्या. बाकीच्या आकड्याखाली तारीख घालून सही घ्यायला लाजू नका. विकलेल्या मालाच्या पैशाचा दावा साधारण तीन वर्षांत करावा लागतो. मुदत संपायच्या आत अशी लेखी कबुली मिळाली तर मुदत तिथून नव्याने मोजली जाते. कोर्टात सहसा कुणी जात नाही, पण सहीमुळे वाद मिटतो.

बाकीच्या चुका थोडक्यात.

मार्टशी प्रत्येक वस्तूच्या भावात भांडू नका. गिऱ्हाइकाला भाव पाठ असतात ते साखर, तेल, तूरडाळ, चहा अशा पंधरा-वीस जिनसांचे. तिथे दर आठवड्याला भाव बघून कमी ठेवा, कमाई खडा मसाला, सुका मेवा आणि पूजेच्या सामानावर करा.

गल्ल्यात घरच्यांचा हात नको. घरखर्चाची ठरलेली रक्कम एक तारखेला काढायची, मग महिनाभर कुलूप.

श्रावणाचा साबुदाणा-भगर, दिवाळीचं उटणं-पणत्या एका दमात भरू नका. निम्म्याहून थोडा जास्त आधी, उरलेला खप बघून. भाऊबीजेनंतर उटण्याला कुत्रं विचारत नाही.

पावसाळ्यात रवा-मैद्याची पोती भिंतीला टेकवू नका, खाली लाकडी फळ्या हव्यातच. ओल धरली की जाळी होते.

आणि वीजबिल वाढलं म्हणून नवा डीप फ्रीजर घेण्याआधी जुन्याच्या दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून ओढून बघा. सहज निघून आली तर रबर बदला, मागची जाळी ब्रशने झाडा आणि भिंतीपासून वीतभर पुढे ओढा.