प्रॅक्टिकलचं रीडिंग कुठं चुकते? या चुका टाळा

आठवी ते दहावीच्या पोरापोरींसाठी लिहून राहिलो, अन् सगळ्यात मोठी चूक आधीच सांगतो: पुस्तकात जे उत्तर आहे तेच वहीत उतरवणं. पाणी 100 अंशाला उकळते हे सगळ्यांना पाठ, म्हणून थर्मामीटर 99 दाखवते तरी वहीत 100 पडते. अरे पण 100 हा आकडा समुद्रसपाटीचा आहे न! वर जाल तसा हवेचा दाब कमी होतो अन् दर 300 मीटरमागं उत्कलनांक साधारण 1 अंशानं उतरतो. नागपूर 300 मीटरच्या थोडं वरच आहे, तिथं 99च्या आसपास आलं तर बरोबरच, अन् चिखलदऱ्याला, म्हणजे 1100 मीटरच्या जवळपास, 96 आलं तरी बरोबर. 99 खोडून 100 केलं की तुम्ही चूक नाही दुरुस्त केली, खरं होतं तेच खोडलं.

आता कोणी म्हणेल, "पण सर, थर्मामीटरच खोटा असला तर?" लय चांगला प्रश्न आहे. रसवंतीवरून थोडा बर्फ आणा, फोडा, वितळू द्या, त्यात थर्मामीटर ठेवा. 0 दाखवायला पाहिजे. 1 दाखवला तर तिथं 1 अंश जास्तच दाखवते, हे वहीत लिहून ठेवा. बाकी थर्मामीटरचा खालचा फुगा भांड्याच्या बुडाला टेकवू नका, अन् रीडिंग घ्यायला थर्मामीटर पाण्याबाहेर काढू नका, बाहेर काढला की पारा लगेच उतरतो. तापाचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात कधीच नाही, तो 42 अंशापर्यंतचाच असते, फुटते.

मोजपात्राचं सोपं आहे. टेबलावर ठेवा, हातात धरू नका, खाली वाकून डोळा पाण्याच्या रेषेत आणा अन् पाण्याची वरची बाजू मधात खोलगट दिसते, त्या वक्राचा खालचा भाग वाचा. कंपासपेटीतल्या पट्टीचं टोक झिजलेलं असते, म्हणून 1 पासून मोजा, पण मग शेवटी 1 वजा करायचा राहून जाते, तो करा.

दोलकात मात्र बरेच जण फसतात. 1 मीटर दोऱ्याला गोळा बांधला तर एक दोलन, म्हणजे एकदा जाऊन परत येणं, साधारण 2 सेकंदाचं. एकच दोलन मोजलं तर बटण दाबण्यातच थोडा वेळ इकडंतिकडं होते, म्हणून 20 दोलनं मोजून 20नं भागायचं, इथपर्यंत सगळ्यांना माहीत. गडबड मोजणं सुरू करताना होते. घड्याळ चालू केलं अन् तोंडातून निघालं "एक"! ते "शून्य" पाहिजे. "एक"पासून सुरू केलं तर "वीस" म्हणेपर्यंत 19च दोलनं झाली, 38 सेकंद लागले, भागले 20नं, उत्तर 1.9. तुमचं उत्तर दर वेळी थोडंसं कमीच येत असेल तर आधी हेच तपासा. मग लांबी तपासा, ती गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची, गाठीपर्यंत नाही. अन् कॅल्क्युलेटरनं 2.0133333 दाखवलं म्हणून तेवढं सगळं उतरवू नका, तुमच्या घड्याळाची तेवढी ऐपत नाही, 2.01 पुरे.

एकक न लिहिणं ही आळसाची चूक वाटते, पण 1999 मध्ये नासाचं मंगळावर पाठवलेलं यान याच घोळात गेलं, एका टीमचे आकडे पाउंडात, दुसरीनं ते न्यूटन समजून वापरले.

आता प्रयोगाच्या मांडणीबद्दल, त्यासाठी वावरातलंच उदाहरण घ्या. पेरणीआधी घरी सोयाबीनची उगवण पाहतात न, ओल्या गोणपाटात 100 दाणे रांगेत ठेवून गुंडाळतात अन् आठवडाभरानं मोजतात? हा पक्का वैज्ञानिक प्रयोग आहे. शाळेत हाच करताना पोरं काय करतात, एका गोणपाटात घरचं बियाणं अन् ते ठेवलं उन्हात, दुसऱ्यात कृषी केंद्राचं अन् ते सावलीत. फरक आला, पण बियाण्यामुळं का उन्हामुळं, कोण सांगेल? एका वेळी एकच गोष्ट बदला, पाणी, जागा, दिवस सगळं सारखं ठेवा. प्रमाणित बियाण्याला किमान 70 टक्के उगवण लागते, हे माहीत असलं की 64 आल्यावर हात आपोआप 70 लिहायला जातो. 64च लिहा, एखाद्या दिवशी गोणपाट वाळलं होतं काय ते बाजूला लिहा, अन् आणखी 100 दाणे ठेवा.