नेट नसताना घरातले दोन कॉम्प्युटर वायफायने जोडा

देवगडात जून लागला की आंब्याचा हिशेब मिटवायची घाई असते. वाशीच्या बाजारातून आलेल्या विक्रीच्या पट्ट्या, पेट्यांची नोंद, फवारणीचा खर्च, सगळं आमच्या ओटीवरच्या डेस्कटॉपमध्ये. हिशेब जुळवते मी लॅपटॉपवर. पावसात नेट गेलं की परत कधी येईल याचा नेम नाही, पण एका घरातल्या फायली इकडून तिकडे न्यायला नेट लागतच नाही. राउटरही लागत नाही.

माझ्या डेस्कटॉपवर विंडोज १० आहे, वायफायसाठी यूएसबी डाँगल लावलाय. लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू ही प्रणाली. हॉटस्पॉट, म्हणजे कॉम्प्युटरने स्वतःच तयार केलेलं वायफाय, लॅपटॉपवरून सुरू करायचा, कारण विंडोजचा मोबाइल हॉटस्पॉट वाटायला इंटरनेट मागतो. उबुंटूला त्याची गरज नसते. सेटिंग्जमध्ये वायफाय उघडा, वरच्या मेनूतून हॉटस्पॉट सुरू करा, नाव द्या. पासवर्ड किमान ८ अक्षरी हवा. डेस्कटॉपवर ते नाव निवडून जोडा. ‘नो इंटरनेट’ दिसेल, दिसू दे. नेटवर्क मात्र ‘प्रायव्हेट’ करा, नाहीतर विंडोजची फायरवॉल, म्हणजे बाहेरच्यांना अडवणारी सोय, लॅपटॉपला आत घेत नाही.

आता डेस्कटॉपवरच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, शेअर. त्याच नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ पत्ता बघा, तो १०.४२.० ने सुरू होतो. लॅपटॉपच्या फाइल्समध्ये ‘अदर लोकेशन्स’ला जाऊन पत्त्याच्या रकान्यात इंग्रजीत एसएमबी, मग कोलन, दोन तिरप्या रेघा (//) आणि तो पत्ता लिहा.

मग लॅपटॉप डेस्कटॉपच्या विंडोज खात्याचं नाव आणि पासवर्ड मागतो, आणि बहुतेकांचं अडतं ते इथेच. विंडोजच्या खात्याला पासवर्ड नसेल तर नेटवर्कवरून प्रवेश मिळत नाही, आणि पिन इथे चालत नाही. आधी खात्याला पासवर्ड लावून घ्या.

चिऱ्याच्या भिंतींचं विसरू नका. आमच्या माजघरात सिग्नल जेमतेम पोचतो, म्हणून पट्ट्यांच्या फोटोंसारखं जड काही असेल तर लॅपटॉप सरळ ओटीवर आणते. डाँगलला जमत असेल तरी वायफायच्या ५ गिगाहर्ट्झ लहरींच्या मागे लागू नका, भिंतीतून २.४ बरा जातो.

फायली कट करू नका, कॉपीच करा. मध्येच लाइट गेली तरी मूळ हिशेब शाबूत राहतो. लॅपटॉपवर फाइल उघडून बघा, मगच जुनी काढा. आणि काम झालं की हॉटस्पॉट बंद करा. तो चालू असेपर्यंत लॅपटॉप घरच्या वायफायला जोडला जात नाही, नेट आलं तरी कळत नाही.