वाटीचं वजन काढताना या चुका टाळा

विदर्भातल्या खेड्यापाड्यांत घरच्या स्वयंपाकाला वाटी आणि धान्य मोजायची पायली पुरते. सगळे जिन्नस एकाच वाटीनं घेतले तर वजन काढायची गरजच नाही, प्रमाण आपोआप सांभाळलं जातं. अडतं ते रोडग्यांची (निखाऱ्यावर भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची) पंगत ठरली किंवा बचत गटाला पापडांची मोठी ऑर्डर आली की. किराणा किलोनं आणायचा आणि कृती मात्र वाटीतली, मग हिशेब चुकतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘एक वाटी म्हणजे 200 ग्रॅम’ असं सरसकट धरणं. 240 मिलीच्या कपात साखर साधारण 200 ग्रॅम बसते, मैदा मात्र 120 ते 125 ग्रॅमच. म्हणजे किलोभर साखरेचे पाच कप आणि किलोभर मैद्याचे आठ. रवा 170च्या आसपास. पीठ जितकं जाडसर, तितकी वाटी जड. म्हणून गोळाभाताच्या भरड्याला, म्हणजे डाळीच्या जाडसर पिठाला, बेसनाचा आकडा लावू नका आणि रोडग्यांच्या जाडसर कणकेला पोळ्यांच्या कणकेचा.

आकडे बघण्याआधी आपली वाटी केवढी ते बघा. रिकामी वाटी काट्यावर ठेवून शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जेवढे ग्रॅम, तेवढे मिली. वाटी 150 मिलीची निघाली तर साखर 200 नव्हे, 125 ग्रॅम बसेल.

मग येते भरण्याची रीत, आणि माझ्या मते खरा घोळ इथंच होतो. पीठ चमच्यानं सैल टाकून वरून सुरीनं सपाट केलं तर कपभर मैदा 120 ग्रॅम. तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला तर 150पर्यंत जातो. शीग लावली, म्हणजे काठाच्या वर ढीग केला, तर आणखी वेगळा. चाळायचं असेल तर मापण्याआधी की नंतर, हेही ठरलेलं हवं. वजनाशेजारी ‘सपाट, सैल’ किंवा ‘शिगेची वाटी’ एवढं लिहून ठेवा, नाहीतर त्या आकड्याला अर्थ नाही.

पुरणात ही चूक लगेच जिभेला कळते. वाटीला वाटी म्हणून किलो डाळीला किलो गूळ घेतला जातो. किसलेला, सैल भरलेला गूळ डाळीपेक्षा हलका असतो, त्यामुळे पुरण ठरल्यापेक्षा गोड होतं. आपल्या वाटीतली चण्याची डाळ आणि गूळ वेगवेगळे तोला.

पायलीचं माप भागाभागात वेगळं आहे, दुसऱ्या जिल्ह्याचा आकडा उचलू नका. शिवाय पायलीभर ज्वारी दळून आणली की पीठ त्या पायलीत मावत नाही, वजन मात्र जवळजवळ तेवढंच राहतं. कृतीत धान्य सांगितलं असेल तर चक्कीवर नेण्याआधीच तोला.

काटा सारवलेल्या अंगणात किंवा पोत्यावर ठेवू नका, खाली सपाट फरशी हवी. पंखाही बंद ठेवा.

पापडखार, सोडा, मीठ यांचं 2-3 ग्रॅमचं वजन घरगुती काट्यावर भरवशाचं येत नाही. दहा सपाट चमचे एकत्र तोलून दहानं भागा. 5 मिलीच्या चमच्यात बारीक मीठ साधारण 6 ग्रॅम भरतं, खडेमीठ त्याहून कमी.